आरसीवर काँटेसा, दारात कोब्रा

प्रश्न : माझं वय 47. बेळगावात उद्यमबागेत माझं जॉबवर्कचं शॉप आहे, दोन सीएनसी टर्निंग मशिनं. मशिनच्या कर्जाचा हप्ता 31 हजार, व्याज साडेदहा टक्के, बाकी 12 लाख. हप्ता, पगार, लाइटबिल सगळं जाऊन महिन्याला सरासरी 1 लाख 10 हजार घरी आणतो. घरखर्च 55 हजार. बँकेत ठेव 6 लाख, इथल्याच एका सौहार्द सोसायटीत 9 लाख, सहा वर्षांच्या एसआयपीचे झालेले 10 लाख. एसआयपी अजून महिना 10 हजार चालू आहे. घर स्वतःचं. मुलगी पीयूसी सेकंड इयरला, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे 1962 च्या शेल्बी कोब्राची हुबेहूब प्रतिकृती विकायला आहे. लाल रंग, फायबर बॉडी, आत इसुझूचं 1.8 पेट्रोल इंजिन, नंबर एमएच-09. ते तिला ‘व्हिंटेज’ म्हणतात. किंमत साडेनऊ लाख, त्यातले निम्मे रोख मागतात. 25 हजार टोकन दिलंय. बँकेची ठेव मोडून आणि बायकोच्या दागिन्यांवर साडेतीन लाख उचलून घ्यावी असं मनात आहे. परदेशात अशा गाड्यांच्या किमती वाढत जातात असं वाचलंय, शिवाय लग्नाला भाड्यानं देता येईल. फर्मच्या नावावर घेतली तर घसारा दाखवून करही वाचेल. घरी विरोध आहे. आरसीचा आणि गाडीचा फोटो जोडलाय. काय करू?

उत्तर :

आरसीचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे. आरसीवर लिहिलंय हिंदुस्तान मोटर्स, काँटेसा, 1994, सलून म्हणजे बंद छताची, पाच आसनं, आणि नोंदणीची मुदत 2024 मध्ये संपलेली. दुसऱ्या फोटोत उभी आहे ती दोन सीटची, बिनछताची लालभडक कोब्रा. कागदावर एक गाडी आणि दारात दुसरी. साडेनऊ लाख तुम्ही नेमके कुणाचे देताय, काँटेसाचे की कोब्राचे? उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हेच विचारणार, आणि पासिंगला न्याल तेव्हा इन्स्पेक्टरही हेच विचारणार. म्हणून आधीच सांगतो, ही गाडी घेऊ नका. जुन्या गाडीची हौसच सोडा असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्याच गॅरेजमध्ये म्हैसूरला बनलेली एक येझदी उभी आहे आणि तिच्यावर किती गेले ते मी बायकोलाच काय, स्वतःलाही सांगत नाही.

किमती वाढतात हे तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते कुणाबद्दल आहे ते बघा. कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरनं 1962 मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं, ती कोब्रा. मूळ गाड्या बनल्या जेमतेम हजारभर. त्यातली अगदी पहिली, सीएसएक्स 2000 क्रमांकाची, 2016 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरना गेली, त्या वेळच्या दरानं 90 कोटींच्या वर. ती रक्कम घाटाची, म्हणजे गाडीच्या आकाराची, नव्हती. तो चॅसी नंबर जगात एकच आहे आणि पहिल्या दिवसापासूनची त्याची कुंडली उपलब्ध आहे, तिची ती किंमत. घाट तर कुणीही काढतो. जगात सर्वांत जास्त नकला झालेल्या गाड्यांत कोब्रा बसते, मूळ गाड्यांच्या कितीतरी पट नकला रस्त्यावर आहेत. साचा एकदा तयार झाला की फायबरची दुसरी बॉडी, तिसरी बॉडी निघत राहते. हे तुम्हाला मी काय सांगावं? ड्रॉइंग हातात आलं की तोच पार्ट शेजारचा शॉपवाला पाच रुपयांनी कमी करून देतो, हे तुम्ही रोज भोगताच की.

तरी परदेशातल्या काही चांगल्या प्रतिकृती किंमत टिकवून असतात, तेही खरं. कारण तिथं त्यांना कायद्यात जागा आहे. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर आणायची सोय आहे. अमेरिकेनं 2015 मध्ये कायदा करून छोट्या कारखानदारांना वर्षाला 325 पर्यंत अशा प्रतिकृती बनवायची मुभा दिली. आपल्याकडे गाडीचं मॉडेल आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावं लागतं, आणि हा रस्ता उत्पादकांसाठी आहे. गॅरेजमध्ये एक बॉडी उतरवून दुसरी चढवणाऱ्याला तसा दरवाजा नाही. उलट मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकानं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं हे आणखी स्पष्ट करून टाकलं. शिक्षा म्हणाल तर एका बदलाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

‘व्हिंटेज’ हा शब्द विक्रेत्यानं वापरलाय, तोही तपासून घ्या. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला. त्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20 हजार फी आणि मुदत दहा वर्षं. तुमची काँटेसा 1994 ची, बॉडी त्याहून कोवळी. गंमत बघा, त्या गृहस्थांनी काँटेसा आहे तशी जपली असती तर आज तिला शौकीन गिऱ्हाईक मिळालं असतं. चांगलं घर पाडून मांडव घातला.

‘पासिंग करून देतो’ असं ते म्हणाले असतील. समजा कसंतरी केलं. पुढं काय? कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, मग बेळगावला केए-22 ची नोंदणी आणि कर्नाटकाचा टॅक्स, कारण दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नंबर बदलून घ्यावाच लागतो. म्हणजे तपासणी पुन्हा एकदा. आपल्या भागात मेव्हण्याच्या नाहीतर चुलतभावाच्या नावावरच्या एमएच-09 गाड्या वर्षानुवर्षं फिरतात हे मलाही ठाऊक आहे. पांढऱ्या अल्टोकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण लाल कोब्रा गोगटे सर्कलच्या सिग्नलला थांबली तर पोलिसाच्या आधी कॉलेजची पोरं फोटो काढतील, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो आरटीओतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर.

दंडाचं सोडा, तो भरता येईल. मला काळजी आहे ती विम्याची. पॉलिसी निघेल ती काँटेसाच्या नावानं. अपघात झाला, सर्व्हेअर आला आणि त्याला समोर कोब्रा दिसली, की तुमच्या नुकसानीचा दावा तिथंच संपला. नोंदणी संपलेल्या गाडीचा असा दावा नाकारणं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये योग्यच ठरवलंय. त्याहून वाईट म्हणजे समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला तर. त्या भरपाईला कमाल मर्यादा नसते. विमा कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. वसूल कशातून होणार? शॉपमधून. मग दोन मशिनं, 12 लाखांचं कर्ज आणि मुलीची फी एका फायबरच्या बॉडीला बांधली गेली.

लग्नाच्या भाड्याचा बेत तर सोडूनच द्या. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी भाड्यानं देता येत नाही, परमिट लागतं. बिनपरमिट चालवली तर पहिल्याच वेळी 10 हजार दंड, वर कैदेची तरतूद. या आरसीवर परमिट मिळायचं नाही. आणि बिनछताची गाडी बेळगावात जूनपासून चार महिने काय करणार? ताडपत्रीखाली उभी राहणार, आत उंदीर वायरी खाणार. घसाऱ्याचंही तसंच. टर्निंगच्या जॉबवर्कला दोन सीटची स्पोर्ट्स कार कशाला लागली, हे तुमच्या सीएला आयकर खात्यापुढं सांगावं लागेल, आणि अशा गाडीवर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. निम्मी रक्कम रोख घेणंही बेकायदा आहे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतली तेवढाच दंड बसतो. दंड त्यांना, पण तंटा झाला तर तुमच्या हातात कागद फक्त पावणेपाच लाखांचा, हे नुकसान तुमचं.

आता पैशाकडे येतो. साडेनऊ लाख 7 टक्क्यांनी पाच वर्षं नुसते ठेवले तरी 13 लाख 30 हजार होतात. म्हणजे पाच वर्षांनी ही गाडी त्याच्या खाली विकली गेली तर तोटा, आणि त्यात टायर, बॅटरी, दुर्मिळ झालेले काँटेसाचे स्पेअर मी धरलेलेच नाहीत. दुसरीकडे मशिनच्या कर्जावर तुम्ही साडेदहा टक्के भरताय. हातात मोकळा पैसा असला तर त्याची पहिली जागा ती.

पण तुमच्या पत्रात मला गाडीपेक्षा जास्त खटकलं ते वेगळंच. मोडायला तुम्ही काढलीय बँकेची ठेव, आणि सोसायटीतले 9 लाख जागच्या जागी. का, तर तिथं व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचं विमा संरक्षण असतं, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंत. सौहार्द सोसायटी ही 1997 च्या कर्नाटक कायद्याखाली नोंदलेली सहकारी संस्था आहे, बँक नाही. तिच्या ठेवींना हे संरक्षण नाही. बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, कुठंही जा, गल्लीगल्लीत सोसायटी आहे, आणि पिग्मीवाला रोज दारात येतो म्हणून ती घरची वाटते. त्यातल्या कित्येक उत्तम चालतात. माझ्या आईचंही एकीत खातं आहे. पण तिथं तिची दिवाळीपुरती रक्कम असते. तुमचे 9 लाख म्हणजे मुलीची चार वर्षांची फी आहे. सीट सरकारी सीईटीनं मिळाली तर एक आकडा, खासगी कॉलेजांच्या कॉमेडके परीक्षेनं मिळाली तर दुसरा, मॅनेजमेंटची सीट घ्यावी लागली तर विचारूच नका. ठेवीची मुदत संपेल तशी ती रक्कम काढून दोन बँकांत विभागून ठेवा, प्रत्येकीत व्याजासकट 5 लाखांच्या आत. तुमच्या सध्याच्या बँकेत आधीच 6 लाख आहेत, त्यामुळं ती धरू नका.

बँकेच्या 6 लाखांचं गणित असं. सहा महिन्यांचा घरखर्च 3 लाख 30 हजार, मशिनचे तीन हप्ते 93 हजार, मिळून सव्वाचार लाखांच्या आसपास. जॉबवर्कचं पेमेंट नव्वद-नव्वद दिवस लांबतं, त्यामुळं एवढे हाताशी हवेतच. हे सव्वाचार लाख तुमचे नाहीत असं समजा. म्युच्युअल फंडाला हात लावू नका. टर्म विमा पत्रात कुठं दिसला नाही. नसेल तर एक कोटीचा घ्या, या महिन्यातच. तुमच्या डोक्यावर कर्ज आहे आणि शॉप तुमच्या दोन हातांवर चालतं.

मग हौसेला काय उरलं? ठेवीतले पावणेदोन लाख. शिवाय घरखर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला 45 हजार उरायला हवेत. ते कुठं जातात ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. त्यातले 15 हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकलेत तर दोन वर्षांत 3 लाख 60 हजार होतात. एकूण सव्वापाच लाखांच्या पुढं. हे पैसे उद्या शून्य झाले तरी घरात कुणाचं काही अडत नाही, म्हणून त्यांची गाडी घ्या आणि खुशाल घ्या. त्या बजेटात कोब्रा शोधू नका. 1975 च्या आधीची फियाट 1100 किंवा अँबॅसडर मार्क 2 बघा, आरसी आणि चॅसी नंबर जुळणारी, शक्यतो कर्नाटकातलीच. 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली असेल तर व्हीए नोंदणीला अर्ज करता येईल. मग मात्र रोजच्या वापराला ती काढता येणार नाही, रविवारी आणि रॅलीला. बुश, पिन, शाफ्ट तुम्ही स्वतःच्या मशिनवर काढाल. ज्या कामाला माझ्यासारखा माणूस महिनोन्महिने मिस्त्रीच्या मागं फिरतो, ते तुम्ही रविवारी सकाळी चहा निवायच्या आत कराल. तुमच्याकडची खरी संपत्ती ही आहे, आणि साडेनऊ लाखांची तयार गाडी घेऊन तुम्ही नेमकी तीच वापरणार नव्हता.

कोल्हापूरच्या गृहस्थांना उद्या फोन करा. गोड बोला, भांडू नका. आरसीची मुदत वाढवून आणि त्यावर आजची बॉडी, आजच्या दोन सीटा नोंदवून आणा, मग पुढचं बोलू, एवढंच सांगा. ते आणणार नाहीत. टोकनचे 25 हजार परत मागा. दोन-चार फोन करून बघा, नाही मिळाले तर तो नाद सोडा. आणि दागिने कपाटातच राहणार आहेत, हे आज रात्री जेवतानाच घरी सांगून टाका.