बंदुकीच्या नळीत काय साठतं: काजळी, गंज की कीट?

अमळनेरच्या एक ताई एका जुन्या शिकारवर्णनाचा इंग्रजीतून अनुवाद करताहेत. प्रसंग यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातला. महिना मे, शिकाऱ्याच्या हातात ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. त्यांचं वाक्य असं उतरलंय: 'दोन गोळ्यांच्या दरम्यान त्याने नळी दारूच्या प्रदूषणापासून स्वच्छ केली.' संपादकांनी 'प्रदूषण' खोडून 'काजळी' केलं, घरच्या कुणी 'गंज' सुचवला. ताई विचारतात, यातलं धरायचं काय, आणि या घाणीला मराठीत सरळ शब्द आहे की नाही?

आहे. कीट. त्याहून कामाचं त्याचं क्रियापद, किटणे. 'नळी किटली' एवढ्यात सगळं येतं.

'प्रदूषण' का नको हे सांगत बसत नाही. ते वाचून शिकाऱ्यानं आधी नियंत्रण मंडळाचा दाखला आणावा असं वाटतं. काजळी आणि गंज मात्र अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नाहीत, म्हणून त्यांचा निकाल नीट लावू. त्यासाठी नळीत मुळात उरतं काय, ते आधी पाहायला हवं.

बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक. वजनानं साधारण 75, 15 आणि 10 असं प्रमाण. ती पेटली की सगळीचा वायू होत नाही. निम्म्याहून जास्त वजन घन कणांच्या रूपात उरतं. त्यातलं काही त्या दाट पांढऱ्या धुरातून बाहेर पडतं, बाकीचं नळीला आतून धरतं. रंग काळा-करडा असला तरी त्यात कोळसा थोडाच असतो. मोठा वाटा क्षारांचा: पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या जुन्या औषधांतला जवखार, पोटॅशियम सल्फेट, आणि थोडं सल्फाइड. नळीत गरम पाणी ओतल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो तो या सल्फाइडमुळे.

आता काजळी. कंदिलाच्या काचेवरची काजळी हलकी असते, कोरडी असते, बोट फिरवलं की बोटाला येते, आणि पाण्यात विरघळत नाही. नळीतल्या घाणीचं वागणं बरोबर उलटं. कोरड्या चिंधीला ती दाद देत नाही आणि पाणी लागलं की विरघळते. संपादकांनी रंग पाहिला, गुण पाहिला नाही. 'काजळी पुसायला ओली चिंधी' असं लिहिलं तर घरात कधी कंदील पुसलेला वाचक तिथेच अडखळेल.

गंज ही तर पुढची पायरी. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. बंदूक न धुता कोपऱ्यात ठेवली, आणि त्यात दिवस पावसाळ्याचे असले, तर सकाळपर्यंत लोखंड खायला सुरुवात झालेली असते. म्हणजे कीट आधी, गंज त्याच्या पोटातून. दोन बारांच्या मधल्या मिनिटभरात गंज चढत नाही. अनुवादात 'गंज' आला तर शिकारी निष्काळजी ठरतो, आणि मूळ लेखकाला सांगायचंय ते नेमकं याच्या विरुद्ध.

कीट मात्र दोन्ही बाजूंनी बसतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, सायकलच्या चेनवर जे चढतं ते कीट. ते थरावर थर बसतं, चिकटतं, वाळलं की कडक होतं, आणि ओल्याशिवाय निघत नाही. किटलेली कॉलर नुसती झटकून साफ होत नाही, हे कुणाला सांगायला नको. शिवाय 'ऐकून ऐकून कान किटले' हा वाक्प्रचार आपल्या तोंडी आहेच, आणि इथे तो शब्दशः खरा होतो. बंदुकीच्या किंवा तोफेच्या बुडाशी जे भोक असतं, ज्यातून आतल्या दारूला आग पोचते, त्याला मराठीत कानच म्हणतात. तोफ निकामी करायची तर तिच्या कानात मेख ठोकत. दहा बार झाले आणि मधे पुसलं नाही, तर बंदुकीचा कान खरोखरच किटतो: कानावर बसवलेली, घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी फुटते, पण बार उडत नाही.

'मळ' हा शब्द चालेल का? चालेल, पण मळ फार सैल आहे. अंगाचा, नखांचा, पाण्यातला, कशाचाही असतो. एखाद्या परिच्छेदात 'कीट' तीनदा आलं तर चौथ्यांदा 'मळ' घ्या. बरेच जण 'किटण' म्हणतात, तेही उत्तम.

खरं घोडं अडलंय ते क्रियापदापाशी. ताईंनी सगळीकडे 'स्वच्छ करणे' वापरलंय. मराठीत याची तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हीला वेगळी क्रियापदं आहेत. दोन बारांच्या मधे नळी पुसतात. दिवस संपल्यावर धुतात. धुऊन कोरडी झाल्यावर तिला तेलाचा हात देतात. मूळ वर्णनात हे तिन्ही प्रसंग असणार. प्रत्येक ठिकाणी 'स्वच्छ केली' लिहिलं की ते एकच काम वाटतं.

पुसण्याची रीत जरा तपशिलात सांगतो, म्हणजे वाक्य रचताना हात अडणार नाही. बार झाला की शिकारी थोडा थांबतो. मग हातभर चौरस नव्हे, दोन बोटं रुंद अशी सुती चिंधी घेतो, ती पाण्यानं किंवा सरळ थुंकीनं ओलावतो, गजाच्या, म्हणजे बार ठासायच्या लांब सळीच्या टोकाला लावतो आणि नळीत बुडापर्यंत नेतो. चिंधी ओलसर हवी, निथळती नको. पाणी बुडाशी साचलं तर पुढची दारू भिजली म्हणून समजा. आत जाताना गज अडतो, दाताखाली खडा यावा तसा करकर आवाज येतो. बाहेर आलेली चिंधी शाईत बुडवल्यासारखी काळी असते. ती उलटून दुसरी बाजू फिरवायची, मग एक कोरडी चिंधी. ती करडी आली म्हणजे झालं, पांढरीशुभ्र यायची वाट पाहायची नाही. पुसताना कीट ढकललं जाऊन कानाशी गोळा होतं, म्हणून जाणता माणूस दारू भरण्याआधी नुसती टोपी फोडून कान मोकळा करून घेतो.

हे सगळं करायचं कशासाठी? किटलेल्या नळीत गोळी अर्ध्यातच अडते. खाली दारू, मधे पोकळी आणि वर अडकलेली गोळी, अशा स्थितीत चाप ओढला तर नळी फुटू शकते. म्हणून गजावर खूण केलेली असते: गोळी दारूवर टेकली की खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. दुसरी भीती ठिणगीची. आत एखादा धुमसता कण राहिला आणि त्यावर नवी दारू पडली, तर हात जातो. म्हणूनच दारू ती ठेवायच्या शिंगातून थेट नळीत ओतत नाहीत, मापात घेऊन ओततात. तोफेला हीच ओली चिंधी लांब दांड्याला बांधलेल्या बोळ्याच्या रूपात लागते. त्या कामाला हिंदीत 'पुचारा' म्हणतात, आणि बऱ्हाणपूरकडच्या एखाद्या पात्राच्या तोंडी तो खुशाल घाला. आपल्याला 'ओला बोळा' पुरतो.

महिन्याचीही दखल घ्यावी लागेल. कीट हवा पाहून वागतं. दमट हवेत ते मऊ, चिकट राहतं. कोरड्या उन्हात दगडासारखं वाळतं. यावल-भुसावळकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या घरात आणि हवेत ओलाव्याचा मागमूस नाही. इंग्लंडातल्या शिकाऱ्याचे चार-पाच बार न पुसता निघत असतील, इथे तिसऱ्यालाच गज रेटावा लागेल. तेव्हा ताई, 'चिकट कीट' असं लिहू नका, 'वाळून कडक झालेलं कीट' लिहा. तोच शिकारी श्रावणात गेला असता तर मात्र चिकट चाललं असतं.

जाता जाता 'दारू'. मूळ फारसीत दारू म्हणजे औषध. तो अर्थ 'दवादारू'त टिकलाय, बंदुकीचा अर्थ 'दारूगोळ्या'त, आणि तिसरा दारूबंदीत. अनुवादात पहिल्यांदा शब्द येईल तेव्हा 'बंदुकीची दारू' असं लिहून टाका, मग पुढे नुसती 'दारू' चालेल. नाहीतर सातपुड्यात मोहाच्या मोसमात 'रात्री दारू ओली झाली' या वाक्यावर वाचक हसल्याशिवाय राहणार नाही.

'दोन गोळ्यांच्या दरम्यान'ही बदला. ठासणीच्या बंदुकीत मोजायचं एकक गोळी नसतं, बार असतो. भरतात तो बार, उडतो तोही बार. तंबाखूचा बार भरणारा माणूसही हाताच्या तळव्यावर मापानंच घेतो, ही भाषेची गंमत. 'ठासणी' हे पेरणी-कापणीसारखं क्रियावाचक नाम आहे, आणि ते अजून जिवंत आहे. 'ठासणीची बंदूक जप्त' हे बातमीत आजही वाचायला मिळतं. 1959च्या शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे.

ताईंच्या चिठ्ठीत शेवटी एक पुस्ती आहे: मूळ लेखक गोळीला चरबी लावतो, ती वगळली तर चालेल का? अजिबात वगळू नका, तीही याच कीटाची गोष्ट आहे. चरबी किंवा मेण कीट मऊ ठेवतं, म्हणून पुढची गोळी सहज उतरते. 1857च्या प्रकरणातली काडतुसं आठवा. 1853च्या नमुन्याची एनफील्ड ही ठासणीचीच रायफल, नळीला आतून पीळ, भोक 0.577 इंच. काडतूस कागदी. ते दातानं फाडायचं, दारू ओतायची, मग गोळी दाबायची. पीळदार नळीत गोळी घट्ट बसावी लागते, म्हणून कीटाचा त्रास साध्या नळीपेक्षा जास्त, म्हणून गोळीकडच्या टोकाला चरबी. ती कशाची, यावरून पुढचं सगळं पेटलं. पण ती होती कशाला, हे शाळेत सहसा कुणी सांगत नाही. आणि हो, 'काडतूस' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द वाचून आजच्या माणसाला पितळेचं दिसतं. इथे 'कागदी काडतूस' असंच लिहा.

काळाचंही भान ठेवा. जेम्स आउट्रमनं धरणगावला 1825 साली भिल्ल पलटण उभी केली, त्या सुमाराचं वर्णन असेल तर बंदूक गारेची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी असणार, टोपीची नव्हे. मग वरची 'टोपी फोडणं' गाळा आणि कानात तार घालून तो मोकळा केला असं लिहा.

तर वाक्य असं करता येईल: 'बार झाला की तो थांबे. ओली चिंधी गजाला लावून नळी बुडापर्यंत पुसून घेई, मग कोरडी फिरवी आणि त्यानंतरच नवा बार भरी. उन्हानं कीट इतकं कडक झालेलं असे की गज अडत अडत जाई.'

सोबतच्या खबऱ्याला अहिराणी बोलायला लावणार असाल तर 'ळ'चा 'य' करायला विसरू नका. नळीची नयी होते, गोळीची गोयी, मळाचा मय. 'नयी पुसी ले, मंग बार भर' एवढं पुरे. तिथे 'कीट' घालण्यापेक्षा 'मय' जास्त शोभेल.