निकॉन एफ३ च्या मॅन्युअल लेन्स ऑटोफोकसच्या फिल्म कॅमेऱ्यावर चालतील का?

चालतील, पण कॅमेरा निकॉनचाच घ्या, एफ४ उत्तम. निकॉनने १९५९ चा एफ माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा) ऑटोफोकस आल्यावरही बदलला नाही. १९८८ च्या एफ४ वर तुमच्या एफ३ च्या एआय प्रकारच्या मॅन्युअल लेन्स बसतात, मॅट्रिक्स मीटरिंगही (दृश्याच्या अनेक भागांतला प्रकाश मोजणं) मिळतं. फोकस मात्र हातानेच करायचा. नेमका जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये खूण दिसते. कॅननने १९८७ मध्ये ईओएस या ऑटोफोकस कॅमेऱ्यांसाठी माउंटच बदलला, त्यामुळे कॅननच्या जुन्या एफडी माउंटच्या लेन्स त्यावर थेट बसत नाहीत. (तेव्हाचे कॅननवाले चिडले ते उगाच नाही.) एक अडचण: एफ४ च्या नेहमीच्या फोकसिंग स्क्रीनवर (व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य दिसतं ती काच) एफ३ सारखी दुभंगलेली, फोकस जुळला की जुळून येणारी प्रतिमा नसते. ती सवय असेल तर स्क्रीन बदलून घ्या, एफ४ मध्ये ती बदलता येते.