फिस्टुलाचा हात गार पडतो तेव्हा

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. कोपरापाशी फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडून केलेली वाट) करून दोन महिने झाले. डायलिसिसच्या शेवटच्या तासात त्यांची बोटे गार पडून दुखतात. असे का होते?

उत्तर : धमनी थेट शिरेला जोडली की रक्त कमी अडथळ्याच्या वाटेने शिरेकडे धावते आणि पंजाला तुटवडा पडतो, डायलिसिस चालू असताना रक्तदाब उतरला की तो तुटवडा जाणवू लागतो. मनगटापेक्षा कोपराजवळच्या फिस्टुलात आणि मधुमेहींमध्ये हा त्रास अधिक आढळतो. तपासताना मी एका हाताने मनगटावरची नाडी धरतो आणि दुसऱ्या हाताने फिस्टुला अलगद दाबतो. मंद नाडी ठसठशीत लागली आणि रुग्ण आपणहून ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला, तर निदान बहुतेक झालेच. तरीही डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) हवीच, कारण वरच्या धमनीतच अरुंद जागा निघाली, तर ती फुग्याने रुंद करून अनेकदा भागते. दुखणे डायलिसिसपुरतेच असेल तर लक्ष ठेवून थांबता येते. रात्रीही दुखू लागले किंवा बोटावर जखम झाली, तर थांबू नये.

प्रश्न : डॉक्टर फिस्टुला बंद करायचा म्हणतात. दुसरा मार्ग नाही का?

उत्तर : बहुतेकदा असतो, पण तो फिस्टुलातून मिनिटाला किती रक्त वाहते त्यावर ठरतो. प्रवाह दीड लिटरच्या वर असेल तर फिस्टुला आवळून तो कमी करता येतो. मात्र आत चार-पाच मिलिमीटरचा फुगा ठेवून त्यावर दोरा बांधावा, कारण अंदाजाने बांधलेला दोरा एक तर सैल राहतो, नाहीतर फिस्टुलाच बंद पाडतो. प्रवाह बेताचा असेल तर आवळून डायलिसिसच अडेल. अशा वेळी १९८८ पासून ज्ञात असलेली ‘ड्रिल’ शस्त्रक्रिया उपयोगी पडते : पायाची शीर घेऊन फिस्टुलाच्या बऱ्याच वरून खालच्या धमनीपर्यंत नवी वाट करायची आणि फिस्टुलालगत खालची धमनी बांधून टाकायची, म्हणजे पंजाचे रक्त उलटे फिरून फिस्टुलात जात नाही. धमनी बांधणार म्हटल्यावर नातेवाईक दचकतात, ते स्वाभाविक आहे; पण पंजाला रक्त आता नव्या वाटेने मिळते. बोटे काळी पडू लागली असतील आणि रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर मात्र मीही फिस्टुला बंद करून मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) घालण्याचाच सल्ला देईन.

प्रश्न : फिस्टुला केल्यावर काही तासांतच हात असह्य दुखून बोटे हलेनाशी झाली, पण हात गरम असेल, तर सकाळपर्यंत थांबावे का?

उत्तर : नाही. ही मज्जातंतूंची उपासमार, म्हणजे त्यांना रक्त न पुरणे, असू शकते. त्यात हात गरम राहतो, नाडीही लागते आणि म्हणूनच फसगत होते. त्याच रात्री शल्यचिकित्सकांना बोलवावे. निदान पक्के झाले तर फिस्टुला लगेच बंद करावा लागतो, आणि उशीर झाल्यास बोटांची ताकद पूर्णपणे परत येईलच असे नाही.