दिवे लागले की रेडिओ का खरखरतो?

प्रश्न : आम्ही वाईला राहतो. पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला दुपारी स्वच्छ लागतं. संध्याकाळी घरातले दिवे लावले की घर्रर्र सुरू. गच्चीवर लांब तार ताणून एरियल करावं का?

उत्तर : तार एवढ्यात नको. ती स्टेशनाबरोबर खरखरही ओढून आणेल.

रेडिओ सेलवर चालवा, ७९२ लावा आणि मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद हवा, कारण तोही खरखर करतो. आवाज स्वच्छ झाला तर चोर घरातलाच. मेन सुरू करून एकेक दिवा लावत जा. बहुधा एखादा स्वस्त एलईडी बल्ब किंवा मोबाइलचा चार्जर सापडेल. त्यातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं-जोडतं. त्या लहरी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पसरतात आणि घरचं वायरिंगच त्यांचं एरियल होतं. चांगल्या बल्बात त्यांना अडवणारी कॉइल आणि कपॅसिटर असतात, स्वस्तात नेमके तेच गाळतात. असा बल्ब सरळ बदला. चार्जरची वायर मात्र चार्जरजवळच फेराइट या काळ्या चुंबकीय पदार्थाच्या रिंगमधून पाच-सहा वेढे घेऊन न्या.

मेन बंद करूनही खरखर राहिली तर ती शेजारून येतेय. मग रेडिओ फिरवा. आतल्या फेराइट दांडीला (तेच रेडिओचं एरियल) टोकांच्या दिशेनं जवळजवळ ऐकू येत नाही, आडव्या बाजूनं उत्तम येतं. पुणे तुमच्या उत्तरेला, म्हणून दांडी पूर्व-पश्चिम ठेवून सुरुवात करा. पण स्टेशन मोठं करण्यापेक्षा खरखर पाडण्याकडे लक्ष द्या : खरखर पडण्याची जागा अगदी अरुंद असते, दोन-चार अंशांनी निसटते.

अंधार पडल्यावर मागून दुसरंच स्टेशन कुजबुजू लागलं तर बल्बांना दोष देऊ नका. दिवसा या लहरी शोषणारा आयनांबराचा (वातावरणातल्या उंच, विद्युतभारित भागाचा) खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि दूरची स्टेशनं वरून परावर्तित होऊन येतात.

इतकं करूनही स्टेशन क्षीणच असेल तर लूप, म्हणजे वेढ्यांचं एरियल करा. ६० सेंटिमीटर बाजूची चौकोनी लाकडी चौकट, तिच्यावर ५ मिलिमीटर अंतर ठेवून इन्सुलेटेड तारेचे ११ वेढे (साधारण २७ मीटर तार), दोन्ही टोकं ५०० पिकोफॅरडच्या गँगला (पात्यांचा, फिरवून बदलता येणारा कपॅसिटर). गँग ३६५ ची मिळाली तर वेढे १३. रेडिओला काही जोडायचं नाही. दांडी चौकटीच्या पातळीला काटकोनात येईल असा तो जवळ ठेवा आणि गँग फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. फिरवताना कटकट झाली तर गँगच्या पात्या एकमेकींना घासताहेत. वेढे चिकटून गुंडाळले असतील तर १५०० किलोहर्ट्झच्या पुढची स्टेशनं लागणारच नाहीत.