वाचकांचे प्रश्न : ओसाकातला एक मोकळा रविवार

प्रश्न : कार्यालयीन कामानिमित्त मी तीन आठवड्यांसाठी ओसाकाला जात आहे. त्यातला एकच रविवार मोकळा मिळणार आहे. सहकाऱ्यांनी किल्ला, मत्स्यालय, उमेदा भागातील मोठी दुकाने, दोतोंबोरी अशी लांबलचक यादी हाती ठेवली आहे. मला स्वतःला आईसाठी भाजी चिरण्याची एक चांगली जपानी सुरी आणायची आहे. एका दिवसात हे सारे कसे बसवावे?

उत्तर : सारे बसवूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. किल्ला आणि मत्स्यालय शहराच्या दोन वेगळ्या दिशांना आहेत. दोन्ही गाठायचे म्हटले तर बराचसा दिवस प्रवासातच सरेल. त्याऐवजी नाम्बा ते शिन्साइबाशी हा पायी सहज होणारा पट्टा निवडावा आणि दिवसाची सुरुवात आईच्या सुरीपासून करावी.

नाम्बा स्थानकापासून थोड्याच अंतरावर दोगुयासुजी नावाची, वरून छप्पर असलेली गल्ली आहे. उपाहारगृहे चालवणारे लोक आपली भांडीकुंडी, कढया, पाट्या, कंदील येथूनच नेतात. येथील बहुतेक दुकाने सकाळी दहाच्या सुमारास उघडतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात, म्हणून हे काम दुपारवर ढकलू नये. ओसाकाच्या दक्षिणेला लागूनच असलेले साकाई शहर सुऱ्या घडवण्यासाठी कित्येक शतकांपासून प्रसिद्ध आहे आणि तिथला माल या गल्लीत हमखास मिळतो.

दुकानात शिरण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. भाजीसाठी ‘नाकिरी’ हा प्रकार मागावा. तिचे पाते रुंद, आयताकृती आणि धारेची कड जवळजवळ सरळ असते, त्यामुळे पालेभाजी किंवा कोबी चिरताना पाते पाटावर पूर्ण टेकते आणि शेवटचे धागे चिकटून राहत नाहीत. व्यावसायिक आचाऱ्यांच्या अनेक पारंपरिक सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते आणि त्या उजव्या हाताच्या हिशेबाने घडवलेल्या असतात. आई डावखुऱ्या असतील तर हे आवर्जून विचारावे; घरगुती वापरासाठी दोन्ही बाजूंनी धार असलेलीच सुरी घ्यावी. कार्बन पोलादाची धार विलक्षण असते, परंतु लिंबू किंवा कांदा चिरून तशीच ठेवली तर पाते काळवंडते आणि पुढे गंजते. रोज घाईत वापरायच्या सुरीसाठी स्टेनलेस पोलाद अधिक सोयीचे. पाते कठीण असल्यामुळे त्याचा टवका उडू शकतो, म्हणून या सुरीने नारळ फोडू नये, हेही आईंना सांगावे. काही दुकानांत पात्यावर नाव कोरून देतात. ते जरूर करून घ्यावे. भेटीला त्याने आपलेपणा येतो.

एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळावी. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचे हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणे जपानमध्ये कायद्याने गुन्हा आहे. नवी सुरी दुकानदाराने बांधून दिलेल्या वेष्टनातच राहू द्यावी, वाटेत उघडून पाहू नये, आणि परतताना ती विमान कंपनीकडे सोपवायच्या (चेक-इन) सामानातच ठेवावी. नाम्बा स्थानकावरील नाण्यांच्या लॉकरमध्ये ती ठेवून दिली की उरलेला दिवस मोकळ्या हाताने फिरता येईल.

तेथून उत्तरेकडे चालताना होझेन्जी मंदिराच्या दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्लीत अवश्य वळावे. तेथील फुदो देवतेच्या मूर्तीवर लोक पळीने पाणी घालून प्रार्थना करतात. वर्षानुवर्षे पडणाऱ्या पाण्यामुळे मूर्ती डोक्यापासून पायापर्यंत इतक्या दाट शेवाळाने मढली आहे की चेहऱ्याची ठेवणही नीट दिसत नाही. दोतोंबोरीच्या कोलाहलापासून ही जागा इतकी जवळ आहे, यावर विश्वास बसत नाही.

दोतोंबोरी हे मुळात कालव्याचे नाव. दोतोन नावाच्या गृहस्थाने १६१२ मध्ये त्याचे खोदकाम सुरू केले, पण १६१५ च्या ओसाका युद्धात तो मारला गेला. त्याच्या आप्तांनी त्याच वर्षी काम पुरे केले आणि कालव्याला त्याचे नाव मिळाले. एबिसुबाशी पुलावरून दिसणारी ग्लिको या खाऊ बनवणाऱ्या कंपनीची धावपटूची पाटी पहिल्यांदा १९३५ मध्ये उभी राहिली. आजची पाटी सहावी आहे. ती अंधार पडल्यावरच पाहावी. म्हणून दुपार शिन्साइबाशीच्या छपराखालच्या बाजारपेठेत घालवून सांजवेळी पुलावर परत यावे.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. खाण्याचे काय करावे? आणि पर्यटकांना करमाफी मिळते म्हणतात, ती कशी?

उत्तर : भाजीचा पदार्थ दिसला तरी त्याच्या रश्श्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असणे नेहमीचेच आहे. ‘दाशी’ (म्हणजे रश्श्याचे मूळ पाणी) कशाची आहे, एवढा एक प्रश्न जपानीत लिहून जवळ ठेवावा. कोम्बू या समुद्री वनस्पतीची दाशी शाकाहारी असते. होक्काइदोचा कोम्बू जहाजांनी ओसाकात उतरत असे, म्हणून येथे त्याची जुनी पेढीवजा दुकाने आहेत. सुकवलेला कोम्बू वजनाला हलका असतो आणि भेट म्हणूनही चांगला.

जपानमधील उपभोग कर बहुतेक वस्तूंवर १० टक्के आहे. अल्पकालीन अभ्यागत म्हणून प्रवेश मिळालेल्या प्रवाशाला, करमुक्त विक्रीची परवानगी असलेल्या एकाच दुकानात एका दिवसात किमान ५,००० येनची खरेदी केल्यास ही सवलत मिळते. पारपत्र मूळचेच दाखवावे लागते, छायाप्रत चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र कर आधी भरायचा आणि देश सोडताना सीमाशुल्क तपासणीनंतर परत मिळवायचा, अशी पद्धत ठरली आहे. त्या तारखेनंतर जाणार असाल तर विमानतळावर हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा.