नव्याला बिचकणारी माणसं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. वरण-भात आणि पोळी सोडून कशालाच हात लावत नाही. सासूबाई म्हणतात, मीच लाडावून ठेवलंय. – एक आई, मनीषनगर

तुमचं काही चुकलेलं नाही. दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थ नाकारण्याची वृत्ती सर्वांत जोरात असते, आणि तिचा मोठा भाग उपजत असतो, हे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. तुमच्या हातात आहे ती त्या पदार्थाशी ओळख करून देणं. एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं ती चाखतात. बहुतेक घरांत तिसऱ्या वेळीच ‘याला नाही आवडत’ असं ठरून जातं. चमचाभर वाढा, नाही खाल्ली तर काही बोलू नका. सासूबाईंनाही त्याच्यासोबत जेवायला बसवा; आजी वांग्याचं भरीत चवीनं खाताना दिसली की तो आपसूक बघेल. ‘दोन घास खा, मग मोबाइल’ हे मात्र बंद करा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची. शाळेच्या सहलीला पेंचला गेली नाही. पोहण्याच्या क्लासला मी बाहेर गाडीवरच थांबलो, मलाही पाण्याची भीती आहे. ती पहिल्याच दिवशी रडत परत आली. तिला ढकलावं की सोडून द्यावं? – एक वडील, महाल

दोन्ही नको. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास देऊन पाहिलं. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागायचं. अशी बरीच बाळं पुढे बुजरी झाली, पण सगळी नाही. प्रत्येक अडचणीतून ज्यांना लगेच उचलून घेतलं गेलं, त्यांची भीती टिकली. ज्यांच्या घरच्यांनी प्रेमानं पण ठामपणे थोडंथोडं पुढे जाऊ दिलं, त्यांची बरीच ओसरली.

आता तुमच्या गाडीवर थांबण्याबद्दल. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काचेचं टेबल, मध्येच काचेखालची जमीन जरा खोल गेल्यासारखी दिसणारी, अलीकडे वर्षभराचं बाळ आणि पलीकडे आई. आईच्या चेहऱ्यावर आनंद होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आई एक शब्दही बोलली नव्हती. तुमची मुलगी बाळ नाही, पण तीही तुमचा चेहरा वाचते.

तुम्ही महालातले, मारबतीची मिरवणूक लहानपणापासून पाहिलेली असेल. एवढी गर्दी, एवढा गोंगाट, तरी लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून टकमक बघत असतात, कारण खाली हक्काचा माणूस आहे. तोच आधार तलावाच्या काठावर द्या. पहिले काही दिवस तिनं फक्त पाय पाण्यात सोडून बसावं, शेजारी तुम्हीही. भीती वाटते हे तिला खुशाल सांगा आणि तरीही पाय पाण्यात घाला. पुढची पायरी कधी चढायची, ते तिला ठरवू द्या. सहलीचा विषय सध्या काढूच नका.

प्रश्न : वय २४, गाव काटोलजवळ, नोकरी नागपुरात. मित्र ट्रेकला बोलावतात, मला नकोसं वाटतं. घरी कायम ‘गरज काय?’ ऐकत वाढलो. आता बदल होईल का?

तुझ्या घरच्यांवर आधी राग धरू नकोस. संत्र्याच्या बागेवर चालणाऱ्या घरात एका गारपिटीनं वर्षाची कमाई जाते. तिथे प्रयोग फसला तर भरपाई कुठून करणार? ‘गरज काय?’ हा त्या घराचा शहाणपणा होता. हाती पैसा आणि सुट्टी असलेल्या मित्रांशी तुलना करून स्वतःला घाबरट ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

बदल नक्की होतो. नव्याची ओढ माणसागणिक कमीजास्त असते. त्या फरकाचा जवळपास अर्धा वाटा आनुवंशिक असतो. उरलेला बराचसा ज्याच्या-त्याच्या स्वतंत्र अनुभवांतून येतो, म्हणून तर एकाच घरातले दोन भाऊ इतके निराळे निघतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवलं की नुसती वारंवार गाठ पडली, तरी अनोळखी गोष्ट आवडू लागते. तेव्हा पहिल्या ट्रेकवरून निकाल लावू नकोस, दोन-तीनदा जाऊन बघ. त्याआधी एखाद्या सुट्टीला एकटाच अजब बंगल्यात जा. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे, खर्च किरकोळ आणि सोबत कुणी घाई करणारं नाही.

प्रश्न : वय ६७. नातू मेट्रोनं चला म्हणतो, मला रिक्षाच बरी वाटते. उतारवयात नव्याची ओढ मरतेच ना? – एक आजोबा, धरमपेठ

सरासरीनं थोडी कमी होते, मरत नाही. अमेरिकेत साठीपुढच्या लोकांना काही आठवडे कोडी आणि तर्काचे सराव दिले, तेव्हा त्यांचा नव्याबद्दलचा मोकळेपणा मोजण्याइतका वाढला. शंकरनगर चौकातून बसा, सीताबर्डीला गाडी बदला आणि खापरीकडे जाऊन या. तिकीट मात्र नातवाला काढू देऊ नका, तुम्ही काढा. अडलं तर त्याला विचारा.