पहिला ग्रिल-स्मोकर घेताय? आधी झाकण बघा

भाऊ, ग्रिल वेगळा न् स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवायचा) वेगळा या भानगडीत पडूच नको, झाकणवाला गोल कोळशाचा केटल ग्रिल घे, साधारण 22 इंची, हवेची भोकं खाली पण पाहिजे आणि झाकणावर पण, दोन्ही उघडझाप होणारी. चाकं, कप्पे, हूक सगळा शो आहे. दुकानातच झाकण लावून बघ, फटीतून उजेड दिसला की सोड, स्मोकिंग म्हणजे सगळा हवेचा खेळ.

कोळसा सगळीकडे पसरू नको. एका बाजूला ढीग, दुसरी रिकामी. ढिगावर वांगी, कणसं, कबाब. रिकाम्या बाजूला चिकन, झाकण बंद, 110-120 डिग्री धरून ठेव. मी पहिल्यांदा दर पाच मिनिटांनी उघडून बघायचो, चार तासांनी पण तंगडी आतून गुलाबीच, शेवटी पाहुण्यांना शेवभाजी वाढली!

सुरुवातीला हे टाळ:
- रॉकेल टाकून पेटवणं. वास मांसात बसतो तो जातच नाही.
- कपाशीच्या काड्या. भरीताला त्यांच्यासारखं काही नाही, पण भर्रकन जळून जातात, स्मोकिंगला आंब्याचे किंवा पेरूचे वाळलेले जाड तुकडे, दोन-तीनच. पांढरा दाट धूर निघाला तर मांस कडू होणार, पातळ निळसर पाहिजे.
- जस्त चढवलेलं पिंप कापून जुगाड. तापलं की विषारी धूर.
- अंदाजाने उतरवणं. साधा थर्मामीटर घे, चिकन आतून 74 डिग्री.

बाकीचं मसाले-मॅरिनेशन नंतर बोलू. आणि मे महिन्यात दुपारी पेटवू नको, जळगावात तेव्हा बाहेर तसंही ग्रिलच चालू असतं 😄